स्टीम डेकवर रोजचं काम: दोन वर्षं वापरून बसवलेली घडी

माझा व्यवसाय सबटायटलांचा. परभाषेतल्या मालिका आणि माहितीपट मराठीत आणायचे. म्हणजे दिवसभर एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला ओळी आणि मागे ब्राउझरमध्ये उघडे ठेवलेले दहा-पंधरा शब्दकोश नि संदर्भ. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तेव्हा एका मालिकेचे बारापैकी चार भाग बाकी होते आणि हातात नऊ दिवस होते. घरात चालू अवस्थेतलं दुसरं यंत्र एकच होतं, स्टीम डेक, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. रात्री तासभर खेळावं म्हणून घेतलेलं. ते चार भाग मी डेकवर पुरे केले. पुढे लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, तरी कामासाठी मी पुन्हा त्याच्याकडे वळले नाही.

"ह्यावर खरंच काम होतं का?" असं विचारणारे बरेच भेटतात, आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे. ज्यांच्याकडे डेक आधीच आहे आणि वेगळा कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे जास्त उपयोगाचं.

आधी यंत्राविषयी थोडंसं. व्हॉल्व्ह कंपनीने डेक २०२२ च्या फेब्रुवारीत आणला, ओलेड पडद्याचा २०२३ च्या नोव्हेंबरात. दोन्हींत एएमडीचा झेन २ घराण्यातला प्रोसेसर आहे: चार कोर, आठ थ्रेड, वेग ३.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत. रॅम १६ जीबी, मात्र ती ग्राफिक्सबरोबर वाटून घेतलेली. लिखाण, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, फोटोंची साधी कापाकापी एवढ्याला हे भरपूर झालं. माझ्याकडे व्हिडिओ, सबटायटलांचा प्रोग्राम आणि वीसेक टॅब एकाच वेळी उघडे असतात आणि यंत्र कुरकुरत नाही. लांबलचक व्हिडिओ एन्कोड करायला लावला की मात्र चारच कोर आहेत हे जाणवतं. ते काम मी जेवायच्या वेळेला लावते.

तुमच्याकडे रॉग ॲलाय किंवा लीजन गोसारखं विंडोजवालं यंत्र असेल, तर डेस्कटॉप तुमच्यासमोर आधीपासूनच आहे. हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी), चार्जर आणि हवा यांविषयी पुढे जे सांगते ते तुम्हालाही लागू आहे. प्रोग्राम कसे टाकायचे हा भाग सोडून दिलात तरी चालेल.

डेस्कटॉपवर जायचं कसं

डेक सुरू होतो तो खेळांच्या पडद्यावर, त्याला गेमिंग मोड म्हणतात. तिथे स्टीमचं बटण दाबा, यादीत खाली 'पॉवर', त्यात 'स्विच टू डेस्कटॉप'. काही सेकंदांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. त्याचं नाव केडीई प्लाझ्मा. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. विंडोज वापरलेल्या माणसाला दहा मिनिटांत सगळं सापडतं. उजव्या ट्रॅकपॅडवर बोट फिरवलं की माउस हलतो, आर-टू म्हणजे लेफ्ट क्लिक, एल-टू म्हणजे राइट क्लिक. स्टीम आणि एक्स ही बटणं एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड येतो. हा कीबोर्ड स्टीमचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या गेमच्या दुकानाचा, प्रोग्राम पुरवतो, त्यामुळे कोपऱ्यातला स्टीम बंद करून टाकलात तर तोही येणार नाही. नवख्यांची गाडी इथेच अडते.

पहिले एक-दोन दिवस असंच, डेकच्याच पडद्यावर चालवून बघा. सात इंचांवर १२८० बाय ८०० एवढंच मावतं, त्यामुळे काम करायला ते सोयीचं नाही. पण डेस्कटॉपची ओळख होते, आणि काही विकत घेण्याआधी हा प्रकार आपल्याला रुचतो का तेही कळतं.

हब बघूनच घ्या

डेकला यूएसबी-सीचं पोर्ट एकच आहे. चार्जिंग, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह सगळं त्या एका भोकातून जायचं. त्यामुळे मधे हब किंवा डॉक लागणारच, आणि रोजचं काम सुखाचं होणार की त्रासाचं हे बव्हंशी त्या हबवर ठरतं.

माझा पहिला हब घाईत घेतलेला. डब्यावर मोठ्या अक्षरांत '४के' लिहिलेलं होतं, आणि मॉनिटरही ४केच होता, म्हणून मी निश्चिंत. जोडल्यावर चित्र स्वच्छ आलं. पण माउसचा बाण चिखलातून ओढावा तसा चालायचा, मजकूर सरकवला की ओळी तुटक दिसायच्या आणि दुपारपर्यंत डोळे जड व्हायचे. मी आधी माउसला दोष दिला, मग ब्लूटूथला, मग डेकच्या ताकदीला. दोन दिवसांनी सेटिंग्जमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट पाहिला: ३० हर्ट्‌झ. तो हब ४के चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवू शकत होता. मी रिझोल्यूशन १४४० पर्यंत खाली आणलं, रेट ६० झाला आणि माउस त्याच क्षणी ताळ्यावर आला.

याचं कारण समजून घेतलं तर खरेदी सोपी होते. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान माहितीच्या चार वाटा असतात. हब जर जलद यूएसबी ३ पोर्ट देत असेल तर त्यातल्या दोन वाटा तिकडे जातात आणि चित्राला दोन उरतात. १०८० किंवा १४४० चं चित्र ६० हर्ट्‌झने त्या दोन वाटांतून आरामात जातं. ४के ६० हर्ट्‌झने हवं असेल तर हब डिस्प्लेपोर्ट १.४ (चित्र पाठवायची एक पद्धत) समजणारा हवा आणि त्याचं एचडीएमआय २.० हवं. डेक स्वतः डिस्प्लेपोर्ट १.४ देतो, अडतं ते हबपाशी. म्हणून डब्यावर '४के' शेजारी '६० हर्ट्‌झ' लिहिलंय का ते बघा. नुसतं '४के' असेल तर ते ३० आहे असंच धरून चाला. मॉनिटर १०८० किंवा १४४० चा असेल तर ही चिंताच नको, साध्या हबनेही भागेल.

दुसरी गोष्ट विजेची. हबला चार्जर लावण्यासाठी वेगळं यूएसबी-सी पोर्ट हवं, ज्याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. डेकबरोबर येणारा चार्जर ४५ वॉटचा आहे. तो हबमधून लावला की हब स्वतःसाठी काही वॉट राखून ठेवतो आणि उरलेलेच डेकला देतो. मग पडद्यावर चार्जर मंद असल्याची सूचना येते. मी हबला ६५ वॉटचा पॉवर डिलिव्हरी चार्जर लावला, तेव्हापासून ती सूचना दिसलेली नाही. डेकचा मूळ चार्जर बॅगेत असतो, बाहेर जाताना उपयोगी पडतो.

जोडण्याचा क्रमही सांगते. आधी हबला चार्जर, मग मॉनिटर आणि बाकीचं, शेवटी डेक. हबला बाहेरची डिस्क जोडलेली असताना चार्जर काढू किंवा लावू नका. बऱ्याच हबांत त्या क्षणी सगळे यूएसबी पोर्ट तुटून पुन्हा जोडले जातात, आणि डिस्कवर फाइल उतरत असेल तर ती अर्धीच राहते.

कीबोर्ड-माउसविषयी फार सांगायला नको. ब्लूटूथचे चालतात, तारेचे चालतात. मी कीबोर्ड तारेचा ठेवलाय, कारण झोपवलेला डेक उठवल्यावर तो लगेच हजर असतो.

जागा, हवा आणि बॅटरी

डेक गरम हवा वरच्या कडेने बाहेर फेकतो आणि पाठीमागच्या जाळीतून आत घेतो. म्हणून तो पाठीवर आडवा ठेवू नका. तिरका उभा करणारा कोणताही स्टँड चालेल, मागे बोटभर मोकळी जागा हवी आणि वरची कड पुस्तकाखाली किंवा पडद्याखाली दबायला नको. माझा मॉनिटरच्या डावीकडे, थोडा मागे असतो.

मॉनिटर जोडला की डेकचा छोटा पडदा बंद करून टाका. सुपर (कीबोर्डवरचं विंडोजच्या चिन्हाचं बटण) आणि पी एकत्र दाबली की कोणता पडदा चालू ठेवायचा ते विचारलं जातं. दोन्ही चालू ठेवता येतात, पण एक हातभर लांब आणि दुसरा तळहाताएवढा, त्यामुळे अक्षरांचा आकार एकावर जमला की दुसऱ्यावर बिघडतो. मी महिनाभर छोट्या पडद्यावर मेल उघडी ठेवायचा प्रयत्न केला. मान सारखी खाली जायची, शेवटी ते सोडून दिलं.

दिवसभर चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी शंभर टक्क्यांवर उभी राहते, आणि लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. डेकची सिस्टीम म्हणजे स्टीमओएस. तिच्या २०२५ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. गेमिंग मोडच्या सेटिंग्जमध्ये 'पॉवर'खाली ती सापडेल. डेक टेबलावर राहणार असेल तर हे पहिल्याच दिवशी करा. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मी ती मर्यादा काढते.

प्रोग्राम टाकताना एक शिस्त पाळा

स्टीमओएस ही लिनक्सच्या आर्च घराण्यातली आहे, पण तिचा मूळ भाग कुलूपबंद असतो. त्यात लिहिता येत नाही. अपडेट येतं तेव्हा नवीन सिस्टीम शेजारच्या दुसऱ्या विभागात पूर्णच्या पूर्ण उतरते आणि डेक पुढच्या वेळी तिथून सुरू होतो. कुलूप उघडायची आज्ञा आहे, इंटरनेटवर जागोजाग दिलेली असते. ती वापरून आत काही टाकलंत तर ते काम करतं, पण पुढच्या अपडेटपर्यंतच. तुमच्या होम फोल्डरला मात्र अपडेट हात लावत नाही.

हे मी भोगून शिकले. मराठी टाइप करण्यासाठी मी एक इनपुट प्रोग्राम असाच कुलूप उघडून टाकला होता. तीन आठवडे उत्तम चालला. मग एका सकाळी, संध्याकाळी भाग पाठवायचा असताना, डेस्कटॉप उघडला आणि मराठी उमटेना. रात्री अपडेट झालं होतं, प्रोग्राम गेला होता. त्या दिवशी मी फोनवर ओळी बोलून, मेलने स्वतःला पाठवून, इकडे चिकटवत भाग पुरा केला. त्यानंतर कुलपाला हात लावला नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

प्रोग्राम टाकायची जागा म्हणजे डिस्कव्हर. खालच्या पट्टीवर निळ्या पिशवीसारखं चिन्ह असतं. तिथले प्रोग्राम फ्लॅटहब या लिनक्स प्रोग्रामांच्या भांडारातून फ्लॅटपॅक नावाच्या स्वरूपात येतात आणि होम फोल्डर असलेल्या विभागातच राहतात, म्हणून अपडेटमध्ये टिकतात. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, गिंप, थंडरबर्ड, माझं रोजचं सबटायटल कंपोझर, सगळं तिथे आहे. फ्लॅटपॅक प्रोग्राम आपापल्या कुंपणात राहतात. एखाद्याला पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरचं फोल्डर दिसेना, तर फ्लॅटसील नावाचा छोटा प्रोग्राम टाका आणि त्यातून त्या फोल्डरची परवानगी द्या. कमांड लाइनवर वावरणाऱ्यांसाठी सिस्टीममध्ये डिस्ट्रोबॉक्स आहे. त्यात हवं ते लिनक्स होम फोल्डरच्या आधाराने चालवता येतं, कुलूप न तोडता.

मराठी टायपिंग

यासाठी खरं तर काहीच टाकावं लागत नाही, आणि हे मला त्या सकाळनंतर कळलं. सिस्टीम सेटिंग्ज उघडा, कीबोर्ड, त्यात लेआउट. 'ॲड' दाबून शोधायच्या चौकटीत मराठी लिहा. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड मिळेल, आणि ज्यांना रोमन अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी कगप नावाचा फोनेटिकही मिळेल. भाषा बदलायला मी कॅप्स लॉक नेमलंय, एरवी ते बटण माझ्या काहीच कामाचं नव्हतं.

इनस्क्रिप्ट शिकायला मला तीन आठवडे लागले, आणि ते वेळेचं सोनं झालं असं आज म्हणेन. क हा के वर, र हा जे वर, हलन्त डी वर. मराठीचा खास 'ऱ्य' हवा, म्हणजे 'दुसऱ्या'मधला, तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण. तीन ठोके. फोनेटिकमध्ये हे अक्षर गाठताना माझी नेहमी तारांबळ व्हायची.

आवडीचे देवनागरी फॉन्ट होम फोल्डरमध्येच ठेवा. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. टिंबाने सुरू होणारं 'लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' (नसेल तर बनवा). फॉन्टच्या फाइली तिथे टाकल्या की फ्लॅटपॅक प्रोग्रामांनाही त्या दिसतात. आणि लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलला तरी बदलत नाही अशी तक्रार असेल, तर ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे लॅटिनपेक्षा वेगळा नेमलेला असतो.

पासवर्ड, फाइली, कॉल

डेक खेळायचं यंत्र म्हणून येतो, त्यामुळे त्याच्या 'डेक' या वापरकर्त्याला पासवर्डच नसतो. आणि होम फोल्डरमधला डेटा मुळात एन्क्रिप्ट केलेला नसतो. बॅगेतून नेता येणाऱ्या यंत्रावर बँकेची कागदपत्रं आणि ग्राहकांचं अप्रकाशित काम ठेवायचं असेल तर हे चालणार नाही. वापरकर्त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पासवर्ड ठेवा, डेस्कटॉपचं लॉक चालू करा, बाकीचे पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवा आणि नाजूक फाइली क्रिप्टोमेटरसारख्या कुलूपबंद तिजोरीत. दोन्ही डिस्कव्हरवर आहेत. डेकचा पासवर्ड कुठेतरी कागदावर लिहूनही ठेवा, नाहीतर पुढे ॲडमिनची कामं अडून बसतील.

जागा गेम खातात. गेमबरोबर उतरणारी शेडर (चित्र रंगवायच्या छोट्या फाइली) वगैरे पूरक सामग्रीही होम असलेल्या विभागातच साठत जाते. ६४ जीबीचा डेक असेल तर गेम मेमरी कार्डवर हलवा आणि आतली जागा कामाला ठेवा. डेकने फॉरमॅट केलेलं कार्ड विंडोज वाचत नाही, म्हणून फाइलींच्या देवाणघेवाणीला ते वापरू नका, त्यासाठी पेन ड्राइव्ह वेगळा. बॅकअप मी रोज संध्याकाळी हबला जोडलेल्या डिस्कवर घेते. सिस्टीम नव्याने टाकायची वेळ आली तर होमही पुसलं जाऊ शकतं.

डेकला कॅमेरा नाही. साधा यूएसबी वेबकॅम हबला लावला की ब्राउझरमधल्या कॉलमध्ये लगेच दिसतो. आवाजासाठी तारेचा हेडफोन वापरा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही फोनसारखा बसका होतो, आणि सबटायटल तपासताना मला ते अजिबात चालत नाही.

काय जमणार नाही

फक्त विंडोजवर चालणारा एखादा प्रोग्राम तुमच्या पोटापाण्याचा असेल, तर आधी तो बॉटल्समध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) चालवून बघा आणि न चालल्यास हा मार्ग सोडून द्या. अडोबीच्या प्रोग्रामांवर ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना मी डेक सुचवत नाही. डेकवर विंडोज घालता येतं, पण मग वर सांगितलेली सिस्टीमची सगळी घडी मोडते.

शेवटची सूचना रोज लागणारी आहे. काम आटोपून खेळायचं म्हणून डेस्कटॉपवरचं 'रिटर्न टू गेमिंग मोड' दाबलंत की डेस्कटॉपवरचं सगळं बंद होतं, उघडी ठेवलेली फाइलसुद्धा. त्यामुळे आधी सेव्ह. मधल्या वेळेत एखादा डाव खेळायचा असेल तर मोड बदलूच नका. डेस्कटॉपवरच स्टीम उघडा आणि तिथून गेम सुरू करा, लिहीत असलेलं पान मागे तसंच उघडं राहतं.